कानातला बिल्ला आणि कातडीखालची चिप

गेल्या काही बैठकांमध्ये आम्हा सहयोगिनींना एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांत विचारला गेला. शहरातल्या कुणा पाहुण्याच्या कुत्र्याच्या मानेत म्हणे तांदळाएवढी चिप घातली आहे, आता ते कुत्रं हरवलं तरी सापडणार. हे खरं का? आणि खरं असेल तर आपल्या शेळीच्या कानातला पिवळा बिल्ला जाऊन तिथे चिप येणार का? या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं. पण शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं की, जनावराला खूण करण्याची गोष्ट फार जुनी आहे आणि तिच्यात आपल्या कामाचं बरंच काही आहे. म्हणून आजचं बोलणं त्यावरच.

आपल्याला आपलं जनावर ओळखायला कसलीच खूण लागत नाही. उस्मानाबादी शेळ्या बहुतेक काळ्याच. बाहेरच्या माणसाला वीस शेळ्या म्हणजे एकच शेळी वीस वेळा दिसते. पण रोज पाला टाकणारी बाई अंधारात नुसत्या खोकण्यावरून सांगते की ही दुसऱ्या वेताची, पायाने जरा अधू असलेली. खूण लागते ती दुसऱ्याला पटवायला. चोरी झाली, बाजारात वाद झाला, सरकारी माणूस आला, विम्याचा कागद आला, की आपली ओळख पुरत नाही. तिथे दाखवता येईल असं काहीतरी हवं असतं.

इजिप्तमधल्या हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांच्या भिंतींवर गुरं बांधून त्यांना डाग देतानाची चित्रं आहेत. ते दूरचं झालं. आपल्याकडे पाणिनीने संस्कृतचं व्याकरण लिहिलं, त्याला अंदाजे चोवीसशे वर्षं झाली असतील. व्याकरणाचं पुस्तक, त्यात गुरांचं काय काम? पण त्यातल्या एका सूत्रात जनावरांच्या कानांवरच्या खुणांची यादीच आहे. आठचा आकडा, पाचचा आकडा, मणी, फाटलेला कान, कापलेला कान, भोक पाडलेला कान, यज्ञातल्या पळीची खूण, स्वस्तिक. शब्द कसे जोडायचे हे समजावताना पाणिनीने ही उदाहरणं घेतली. याचा अर्थ तेव्हा ही गोष्ट घरोघरी माहीत असणार. जे कुणालाच ठाऊक नाही त्याचं उदाहरण कोणी व्याकरणात देत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर गुरांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी वेगळा अध्याय आहे. त्याला गोध्यक्ष म्हणत. तो अध्याय आम्ही मराठी भाषांतरात वाचला आणि आमच्यातल्या एकीने मान वर करून विचारलं, हे आजच्या विमा कंपनीने लिहिलं का? वासरू झाल्यावर एक-दोन महिन्यांत त्याला खूण करायची. बाहेरून आलेलं जनावर एक-दोन महिने कुणी न्यायला आलं नाही तर त्यालाही खूण करायची. मग वहीत चार गोष्टी लिहायच्या: दिलेला डाग, अंगावरची जन्मखूण, रंग आणि दोन शिंगांमधलं अंतर. शिंगांमधलं अंतर! म्हणजे डाग पुसला गेला किंवा कुणी त्यावर दुसरा डाग मारला तरी जनावर ओळखता आलं पाहिजे, याची सोय केलेली.

त्याच अध्यायात हरवलेल्या जनावरांचे प्रकार सांगितले आहेत. चोराने नेलेलं, दुसऱ्या कळपात शिरलेलं आणि कुठेतरी आडोशाला अडकून पडलेलं. आजही यापलीकडे चौथा प्रकार आम्हाला सुचला नाही. आणि जनावर मेलं तर? राखोळ्याने सांगितलं, मेलं, की झालं, असं नव्हतं. गाय किंवा म्हैस मेली तर डाग असलेलं कातडं आणून दाखवायचं. शेळी-मेंढी मेली तर खूण केलेला कान आणून द्यायचा. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्यांनी शेळीचा विमा मागितला आहे त्यांना हे सांगायला नको. कानातला बिल्ला दाखवा, नाहीतर दावा नाही. दोन हजार वर्षांत कातड्याच्या जागी प्लास्टिक आलं, संशय तोच राहिला: गरीब माणूस जनावर विकून खाईल आणि मेलं म्हणून सांगेल. संशय कधी खराही असतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण खुणेची वही नेहमी वरच्या माणसाच्या हातात आणि जनावर सांभाळण्याचं काम खालच्या माणसाच्या, हे तेव्हापासूनचं दिसतं.

महाभारतातली घोषयात्राही याच कामाच्या नावाखाली निघाली होती. दुर्योधनाने बापाला सांगितलं की गुरांची गणती करायची आहे, वासरांना खुणा करायच्या आहेत. मनात होतं वनवासातल्या पांडवांना आपला थाट दाखवायचा. गंधर्वांनी त्याला धरलं आणि शेवटी पांडवांनीच सोडवलं, ती गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. सरकारी गणतीच्या दौऱ्यात गणतीपेक्षा दुसरंच काही चाललेलं असतं, हेही जुनंच म्हणायचं.

आपल्या भागात मेंढरांचे कान कातरून खूण करण्याची पद्धत धनगर मंडळींत होती. देवाच्या नावाने वळू सोडताना त्याला त्रिशूळाचा डाग देत. तो डाग पाहिला की त्याला कुणी नांगराला जुंपत नसे आणि शेतात शिरला तरी मारत नसे. बैलबाजारात रंग, शिंगं आणि दात सांगून ओळख पटवत. दोन दाती, चार दाती, जुळलेला. हे सगळं तोंडी होतं आणि ओळखीच्या पंचक्रोशीत चालून जात होतं.

इंग्रजांनी १८७१ साली गुरांच्या आगळिकीचा कायदा केला आणि गावोगावी कोंडवाडे उभे राहिले. कोंडवाड्याच्या रखवालदाराने वहीत किती जनावरं आली, ती दिसायला कशी, कोणत्या दिवशी कोणत्या वेळी आली, कुणी धरून आणली, मालक माहीत असला तर त्याचं नाव, हे लिहायचं. सात दिवसांत कुणी आलं नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचं, मग नोटीस लावायची आणि तरीही कुणी आलं नाही तर लिलाव. आता विचार करा. ‘तांबडी गाय, कपाळावर पांढरा चांद’ एवढ्या नोंदीवर कितीजणांना आपली गाय पटवून देता आली असेल, आणि दंड भरायला पैसे नसल्यामुळे किती गायी लिलावात गेल्या असतील. जाता जाता एक सांगतो. याच १८७१ साली इंग्रजांनी दुसराही एक कायदा केला, गुन्हेगार जमातींचा. त्यात अख्ख्या जमातींची नोंद वहीत करून त्यांना हजेरी लावायला सांगितलं. पुढे आपल्याकडच्या पारधी आणि इतर भटक्या समाजांनी ते भोगलं. त्यातून कायद्याने सुटका झाली ती ३१ ऑगस्ट १९५२ ला. नोंदणी म्हटली की आमच्या काही गटांतल्या बाया अजून सावध होतात, त्याचं मूळ इथे आहे. त्यांना अडाणी म्हणण्याआधी हे आठवावं.

आता चिपकडे येऊ. तिची सुरुवात अमेरिकेत झाली आणि तिला दोन वाटा आहेत. एक कुत्र्याची, एक गाईची.

कुत्र्याची वाट अशी. १९६५ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका घरची पेपर नावाची ठिपक्यांची कुत्री नाहीशी झाली. घरच्यांनी शोध शोध शोधलं. ती हातोहात विकली जात न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात पोहोचली होती आणि तिथे प्रयोगात मेली. तेव्हा प्रयोगशाळांना कुत्री पुरवण्याचा धंदाच होता आणि घरची कुत्री चोरून त्यात विकली जात. पेपरची बातमी झाली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ‘लाइफ’ साप्ताहिकाने अशा दलालांकडच्या कुत्र्यांचे फोटो छापले, लोक खवळले आणि १९६६ मध्येच तिथे प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठी कायदा आला. गळ्यातला पट्टा चोर पहिल्यांदा काढून टाकतो. म्हणून लोक कुत्र्याच्या मांडीवर किंवा कानात आकडे गोंदवून घेऊ लागले. गोंदण पुसट होतं, केसांत लपतं. काढता न येणारी आणि न पुसणारी खूण हवी, ही गरज तेव्हापासून बोलली जाऊ लागली.

गाईची वाट जरा नवलाची आहे. अमेरिकेत लॉस अलामॉस नावाची प्रयोगशाळा आहे. पहिला अणुबॉम्ब तिथे तयार झाला. १९७०च्या दशकात त्याच प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना तिथल्या शेती खात्याने काम दिलं: गाईला दुरून ओळखता येईल आणि तिला ताप आहे का हेही कळेल असं काहीतरी करा. कारण रोगाची गाय कोणत्या गोठ्यातून आली हे वेळेवर कळत नव्हतं. त्यांनी १९७५ मध्ये एक यंत्र मांडलं. त्यात बॅटरी नाही. वाचणारं यंत्र रेडिओच्या लहरी सोडतं, गाईच्या अंगावरचा तुकडा त्या लहरी परत फेकतो आणि फेकताना त्यात आपला नंबर मिसळतो. लहानपणी आपण आरशाने उन्हाचा कवडसा भिंतीवर पाडायचो आणि आरसा हलवून एकमेकींना खुणा करायचो, तसंच. आरशाला स्वतःचा उजेड नसतो. पुढे यातल्याच काही शास्त्रज्ञांनी कंपनी काढली आणि तेच तंत्र टोलनाक्यावर गाड्या ओळखायला वापरलं. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग आणि गाईची चिप ही अशी भावंडं आहेत.

१९८०च्या दशकात हे सगळं काचेच्या एका नळकांडीत मावू लागलं. लांबी साधारण १२ मिलिमीटर, जाडी २ मिलिमीटर. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक बारीक चिप. जाड सुईने कुत्र्याच्या दोन खांद्यांमधल्या सैल कातडीखाली ते सोडतात. भूल लागत नाही. आत राहिलं की जन्मभर राहतं, चार्जिंग नाही, दुरुस्ती नाही. पण एक नीट ऐका: ही चिप कुत्रं कुठे आहे ते सांगत नाही. मोबाइलसारखं तिचं ठिकाण नकाशावर दिसत नाही. कुणीतरी ते कुत्रं धरून आणलं आणि वाचणारं यंत्र त्याच्या अंगावरून अगदी जवळून फिरवलं, तर यंत्रावर पंधरा आकडे दिसतात. बस्स. नाव नाही, गाव नाही, फोन नाही. ते सगळं दुसरीकडे कुठल्यातरी वहीत, म्हणजे आता संगणकात.

त्या पंधरा आकड्यांचं जागतिक प्रमाण १९९६ मध्ये ठरलं. पहिले तीन आकडे देशाचे किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचे. देशाचे असतील तर भारताचे ३५६. पण अमेरिकेत जुन्या कंपन्यांच्या चिप वेगळ्या लहरींवर बोलत आणि प्रत्येक कंपनीला वाटे की आपलंच यंत्र सगळ्यांनी घ्यावं. २००४ मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या एका निवाऱ्यात आणलेल्या कुत्र्याच्या अंगात चिप होती, पण तिथल्या यंत्राला ती वाचता आली नाही. बेवारस समजून ते कुत्रं मारण्यात आलं. खूण होती, वाचणारा आंधळा होता. त्यानंतर सगळ्या प्रकारच्या चिप वाचणारी यंत्रं द्या, असा तिथे आग्रह झाला.

यापुढची गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी एक अभ्यास छापला. २३ राज्यांतले ५३ निवारे, चिप असलेली ७,७०४ जनावरं. बेवारस म्हणून आलेल्या सगळ्या कुत्र्यांपैकी २१.९ टक्के घरी परतली होती. चिप असलेल्यांपैकी ५२.२ टक्के. मांजरांचा फरक तर डोळे उघडणारा होता: सगळ्यांत मिळून १.८ टक्के, चिप असलेल्यांत ३८.५ टक्के. म्हणजे चिपचा उपयोग आहे, नक्की आहे. पण मग उरलेल्यांचं काय झालं? त्यांच्या अंगातही चिप होतीच ना? अभ्यासकांनी तेही शोधलं. मालकापर्यंत न पोहोचण्याचं सगळ्यांत मोठं कारण, एकतृतीयांशाहून जास्त वेळा, फोन नंबर चुकीचा किंवा बंद. त्याखालोखाल, फोन लागला पण कुणी उचलला नाही. आणि एकूण चिपपैकी नीट नोंदवलेल्या होत्या फक्त ५८.१ टक्के. बाकीच्यांनी सुई टोचून घेतली, पैसे दिले आणि अर्ज भरायचाच राहिला किंवा घर बदललं तरी कळवलं नाही.

आपल्याकडे रिचार्ज संपला की सिम बदलतं. नवरा कामाला पुण्याला गेला की नंबर त्याच्याबरोबर जातो. बाईचा नंबर म्हणून लिहिलेला असतो तो मुलाचा, आणि मुलगा हॉस्टेलवर. हा अभ्यास अमेरिकेतला असला तरी वाचताना आम्हाला आमच्या गटांची नोंदवही आठवत होती.

सक्तीचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याला आणि १० जून २०२४ पासून घरच्या मांजरालाही चिप लागते. आपल्या देशात तसं नाही. कुत्रं विमानाने युरोपात न्यायचं किंवा जातिवंत कुत्र्याची केनेल क्लबकडे नोंद करायची तर चिप लागते, ते शहरातल्या हौशी लोकांचं काम. हत्तींसाठी मात्र आपल्याकडे चिप बरीच वापरली गेली आहे, कारण हत्तीचा कागद एक आणि हत्ती दुसराच, असे प्रकार होत.

गुरांच्या बाबतीत जगाला जागं केलं ते रोगांनी. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये गाईंना वेड लागल्यासारखा एक रोग सापडला. त्या मांसातून माणसांनाही तो होत असावा, हे तिथल्या सरकारने १९९६ मध्ये मान्य केलं. त्याच वर्षी जुलैपासून ब्रिटनमध्ये नव्या वासराला पासपोर्ट आला. थट्टा नाही, खरोखरच पासपोर्ट: जन्म कुठे, विक्री कुणाला, मरण कुठे. पुढे ऑस्ट्रेलियाने गाईच्या कानातल्या बिल्ल्यातच चिप बसवली. म्हणजे बाहेरून नंबर दिसतो आणि आतून यंत्राला वाचता येतो.

आपल्याकडे लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या रोगांसाठी ११ सप्टेंबर २०१९ ला देशभराचा लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यासोबत बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला गोठ्यागोठ्यात पोहोचला. २०२२ मध्ये लम्पी आला. जनावरांचे बाजार बंद झाले. मेलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत राज्याने जाहीर केली, तेव्हा कुणाचं कोणतं जनावर मेलं हा कौटिल्याचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. १ जून २०२४ पासून तर महाराष्ट्रात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही.

मग बिल्ल्याच्या जागी चिप यावी का? आमचं मत सांगतो. आत्ता नको. बिल्ला तुटतो, झुडपात अडकून कान फाटतो, हे खरं. चिप पडत नाही. गुरांच्या विम्यासाठी कातडीखालच्या चिपचा वापर आपल्या देशात करूनही पाहिला गेला आहे. पण बिल्ल्यावरचा नंबर आपल्याला दिसतो. चौथी शिकलेली बाई तो वाचू शकते, मोबाइलवर फोटो काढून ठेवू शकते, चुकीचा लिहिला तर तिथल्या तिथे बोट ठेवून सांगू शकते. चिप वाचायला यंत्र लागतं, आणि यंत्र आपल्या गावात कुणाच्या हातात असेल हे आपल्याला माहीत आहे. ऑस्ट्रेलियासारखी दोन्ही एकत्र आली तर गोष्ट वेगळी.

खरी अडचण बिल्ला की चिप ही नाहीच. नोंदीत नाव कुणाचं, ही आहे. आमच्या एका गटातल्या मैत्रिणीने गटाच्या कर्जातून तीन शेळ्या घेतल्या. हप्ते तिने फेडले, बाळंतपणं तिने केली. बिल्ले मारायला माणूस आला तेव्हा ती मजुरीला गेली होती. ओट्यावर दीर बसलेला. नाव त्याचं, आधार त्याचं, मोबाइल त्याचा. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण एक शेळी मेली तेव्हा विम्याचे पैसे दिराच्या खात्यात गेले आणि ते परत मिळवायला तिला चार महिने लागले, तेही आम्ही तिघी जाऊन बसलो म्हणून. शेळीच्या कानात बारा आकडे अगदी बरोबर होते.

२०२४ मध्ये केंद्राने पशुविम्याच्या हप्त्यातला पशुपालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला आहे, म्हणजे विमा आता परवडण्यातला झाला. तो काढण्याआधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि बिल्ल्याचा नंबर सांगून ‘भारत पशुधन’मध्ये मालक म्हणून कुणाचं नाव आहे आणि मोबाइल कोणता आहे ते विचारा. जनावर विकलं, विकत घेतलं किंवा सिम बदललं की तिथे बदल करून घ्यावा लागतो. आपोआप होत नाही. बिल्ला पडला तर पडलेला तुकडा फेकू नका, तो घेऊनच दवाखान्यात जा. जनावराचा एक फोटो समोरून आणि एक बाजूने काढून ठेवा, म्हणजे कपाळावरचा चांद आणि शिंगं दोन्ही दिसतील.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटात पशुसखी येणार आहे. ती एक वही आणेल. त्यात जनावराचा नंबर, रंग, खूण, वेत, नोंदीतलं नाव आणि नोंदीतला मोबाइल अशा सहा रकान्यांत लिहायचं आहे. येताना बिल्ल्याचे नंबर कागदावर उतरवून आणा. शिंगांमधलं अंतर नाही मोजलं तरी चालेल.